पुतळी नसलेली पेटी

१९९९ साली मामू कुवेतहून सुट्टीवर आले, तेव्हा त्यांच्या बॅगेतून नेहमीच्याच वस्तू निघाल्या. निडोचे डबे, अत्तराच्या कुप्या, साबण, नानीसाठी जायनमाज. आणि सगळ्यात शेवटी, आपासाठी एक गुलाबी पेटी. झाकण उघडले की आत आरसा, आरशासमोर स्प्रिंगवर उभी असलेली बोटभर पुतळी. एका पायावर उभी, दोन्ही हात डोक्यावर, अंगात पांढरा आखूड झगा. पेटीच्या बुडाला चावी. चावी दिली की पुतळी गोल फिरू लागायची आणि पेटीतून एक धून वाजायची. जेमतेम पंधरा-वीस सेकंदांची. संपली की पुन्हा पहिल्यापासून.

खाडीकाठच्या त्या घरात दागिने ठेवायची जागा म्हणजे नानीची खोली, आणि तिथेच नानी पाचही वेळची नमाज अदा करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पक्कड मागवली, पुतळी मुळापासून उपटली आणि पेटी आपाला परत दिली. आपा रडली. आम्ही वकिली करायला गेलो, "नानी, मग गाणं चालतं का?" नानी म्हणाली, "गाणं कुठलं? ते तर लोखंड वाजतंय." तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. पेटीचे बूड उघडून आम्ही पाहिले होते. आत खिळे उमटवलेला एक पितळी रूळ आणि त्याला घासणारी पोलादाची फणी. फणीचे दात मोजले, अठरा भरले.

अशा तऱ्हेने बॅलेचे संगीत आमच्या कानी पडले ते बॅले वगळून. बॅले हा शब्दसुद्धा तेव्हा ठाऊक नव्हता. ती धून कोणाची, कुठली, याची विचारपूस करावी असेही कधी वाटले नाही. समुद्र कोणाचा, असे कोणी विचारते का?

आज हे लिहितो आहोत ते केवळ आठवण म्हणून नव्हे. नानीच्या पकडीने नकळत एक समीक्षेचा प्रश्न उपटून आमच्या हातात ठेवला होता, तो इतक्या वर्षांनी सोडवायला बसलो आहोत. नाचासाठी लिहिलेल्या संगीतातून नाच काढून घेतला तर मागे काय उरते?

धुनीचे नाव कळायला बी.एड.चे वर्ष उजाडावे लागले. वसतिगृहात एका मित्राच्या संगणकावर काहीतरी लागले होते आणि आम्ही हातातली पाठ-टाचणाची वही टाकून उठलो. पेटीतली धून! पण केवढी मोठी झालेली. चायकोव्हस्कीचे 'स्वान लेक', म्हणजे हंसांचे सरोवर. मॉस्कोच्या बोल्शॉय थिएटरात १८७७ साली हा बॅले प्रथम झाला आणि फारसा चालला नाही. पुढे १८९५ साली सेंट पीटर्सबर्गला मारियस पेतिपा आणि लेव्ह इवानोव यांनी तो नव्याने बसवला तेव्हा कुठे त्याचे दिवस फिरले. पण चायकोव्हस्की १८९३ मध्येच वारले होते.

मूळ रचनेत ही धून ओबो या वाद्यावर येते. ओबो म्हणजे सनईच्या घराण्यातलेच वाद्य. दोन पात्यांच्या चिमटीतून फुंकर घालायची, म्हणून आवाजात तोच नाकातला दर्द. खाली तंतुवाद्यांची थरथर, बाजूला हार्पचे झंकार, आणि त्यावर ओबो पंचमावर लांब उभा राहतो. मग खालच्या षड्जापासून सा, रे, कोमल ग, म अशा पायऱ्या चढून पुन्हा त्याच पंचमावर येतो. एवढाच प्रवास. निघाला तिथेच परतला. शापामुळे दिवसा हंस होऊन राहणाऱ्या मुलीची ही कथा आहे हे ज्याला माहीत नाही, त्यालाही या सुरांत कोणीतरी अडकून पडल्याचे जाणवते. आम्हाला तर आठव्या-नवव्या वर्षी जाणवले होते, आणि आमच्यापाशी ना कथा होती, ना हंस, ना पुतळी. होते फक्त लोखंड.

आता याची दुसरी बाजू. चायकोव्हस्कीच्या काळी 'बॅलेचे संगीत' ही जवळजवळ शिवी होती. त्यांच्या चौथ्या सिंफनीत बॅलेच्या संगीताचा वास येतो, अशी तक्रार त्यांचे शिष्य तानेयेव यांनी १८७८ साली पत्रातून केली. चायकोव्हस्कींनी उत्तर दिले त्याचा आशय असा की, बॅलेचे संगीत म्हणजे वाईटच, हे का, ते मला कधी समजलेले नाही. ते चांगले असू शकत नाही काय? पण तानेयेव यांनाही सर्वस्वी दोष देता येत नाही. नाटकगृहांच्या नोकरीतले संगीतकार नृत्य बसवणाऱ्याच्या हुकमाप्रमाणे मापून संगीत पुरवत. इतक्या मात्रा वॉल्ट्झ, इतक्या मात्रा आनंद, इथे टाळ्यांसाठी थांबा. हिंदी चित्रपटांतल्या शायरांनी तयार चालीवर शब्द बसवले, तसेच हे. त्यातून टाकाऊही पुष्कळ निघाले आणि सोनेही निघाले.

'नटक्रॅकर'च्या वेळी खुद्द चायकोव्हस्कींनाही पेतिपांनी अशी यादी दिली होती. तीत एका परीच्या नाचापाशी लिहिले होते की कारंज्याचे थेंब पडल्यासारखे ऐकू यावे. दुसऱ्या कोणी बासरीवर चार उड्या मारून वेळ निभावली असती. चायकोव्हस्कींना १८९१ साली पॅरिसमध्ये सेलेस्टा नावाचे नवे वाद्य सापडले होते. दिसायला लहान पियानोसारखे, पण आत तारांऐवजी धातूच्या पट्ट्या. रशियातल्या इतर संगीतकारांना, विशेषतः रिम्स्की-कोर्साकोव आणि ग्लाझुनोव यांना, सुगावा लागू न देता ते मागवून घ्या, असे त्यांनी आपल्या प्रकाशकाला कळवले. (मोठी माणसेसुद्धा परीक्षेच्या वहीवर हात आडवा ठेवून लिहितात, हे वाचून आम्हा मास्तरांना फार बरे वाटते!) सेलेस्टावरचा तो साखरपरीचा नाच प्रथम ऐकला तेव्हा आम्ही दचकलो. आपाच्या पेटीचाच आवाज होता तो. फणीऐवजी पट्ट्या, एवढाच फरक.

याच बॅलेत शेवटाकडे दोघांच्या नाचाचे संथ संगीत आहे. त्याची मुख्य धून काय आहे? सां नि ध प म ग रे सा. शुद्ध स्वरांचा सरळ अवरोह. पेटी शिकणाऱ्या मुलाला पहिल्या आठवड्यात घोटवतात तोच. चेलो तो वाजवतात, आणि ऐकणाऱ्याचा गळा दाटून येतो. त्याच सुमारास चायकोव्हस्कींची लाडकी बहीण गेली होती आणि ते दुःख या धुनीत आहे असे काही अभ्यासक म्हणतात. असेलही. आम्हाला तेवढ्या पुराव्याची गरज वाटत नाही. घरातल्या जिन्यावरून कोणीतरी कायमचे खाली उतरून जाते आहे, हे आठ स्वर पुरेसे सांगतात.

तेव्हा आमचा पहिला निकाल सोपा होता. नाच काढून घेतला तरी संगीत पूर्ण उरते. किंबहुना नाच ही अडचणच. नानी जिंकली, पुतळी हरली. काही वर्षे आम्ही हे मोठ्या ऐटीत सांगत असू.

तो निकाल आम्हाला अर्धा मागे घ्यावा लागला, 'ला बायादेर' पाहिल्यावर. हाही पेतिपांचाच, १८७७ सालचा बॅले, संगीत लुडविग मिंकुस यांचे. कथा हिंदुस्थानातली. देवळातली नर्तकी, ब्राह्मण पुजारी, शूर योद्धा सोलोर आणि गोवळकोंड्याचा राजा. या राजाचे नाव दुगमंत! आमच्या दख्खनी कानांना हसू आवरेना. १६८७ पर्यंत ज्या तख्तावर कुतुबशहा बसले, ज्यांच्यापैकी एकाचा दिवाण उर्दूच्या विद्यार्थ्याला आरंभीच अभ्यासावा लागतो, त्या गोवळकोंड्यावर पीटर्सबर्गच्या मंडळींनी हा कोण बसवला? संगीतही हिंदुस्थानी नाही. व्हिएन्नाचे वॉल्ट्झ आहेत. नुसते कानांनी ऐकले तर पाऊण तासात डुलकी लागते.

पण त्यात एक प्रवेश आहे. अफूच्या धुंदीत सोलोरला मेलेल्या नर्तकीची छाया दिसते, आणि तिच्यामागे छायाच छाया. पांढऱ्या पोशाखातल्या नर्तकी एकेक करून उतारावरून खाली येतात. प्रत्येक जण तेच करते. एक पाऊल, पाय मागे उचलणे, कमान, दोन पावले, पुन्हा तेच. पहिली हे करते, मग दोघी, मग तिघी, अशा २४ किंवा ३२ होईपर्यंत. मिंकुस यांचे साधे, पुन्हापुन्हा येणारे सूर तिथे आपली जागा ओळखून वागतात. ते काही सांगायला जात नाहीत, नुसती पायाखाली जमीन देतात. तस्बीहचे मणी एकाच हालचालीने बोटांतून पुढे सरकत जावेत, तसे ते दृश्य आहे. इथे नानीची पकड चालवली असती तर काहीच उरले नसते. म्हणजे संगीत पूर्ण उरते ते चायकोव्हस्कींचे. मिंकुस यांना पुतळी हवी. आणि पुतळी असली की ते थोर वाटतात, हेही कबूल केले पाहिजे.

इतके दिवस हा प्रश्न आम्हाला नुसता अभ्यासाचा वाटत होता. तो अंगाला भिडला 'नटक्रॅकर'मधल्याच दुसऱ्या एका तुकड्यापाशी. याच्या दुसऱ्या अंकात मिठाईच्या राज्यात पाहुण्या मुलीसमोर निरनिराळे नाच होतात. चॉकलेट स्पेनचे, चहा चीनचा, आणि कॉफी अरबस्तानची. म्हणून या तुकड्याला 'अरबी नाच' म्हणतात. कॉफीपुरते ठीक आहे. मोखा हे येमेनचे बंदर आणि कहवा हा अरबी शब्द. पण संगीत? खाली व्हायोला आणि चेलो षड्ज-पंचमाचा एकच झोका देत राहतात, तानपुऱ्यासारखा. आवाज दाबलेली व्हायोलिने त्यावर एक लांब, खाली उतरणारी धून म्हणतात. खंजिरी वाजते, तीही दबकत. साडेतीन मिनिटे कोणी आवाज चढवत नाही आणि शेवटी सगळे विझत विझत जाते. अरबी मकामांतले पाव स्वर यात नाहीत. असणार कुठून? ही धून अरबी नाहीच. ती जॉर्जियातली आहे, कॉकेशस पर्वतापलीकडची. आणि नाचाची तर मुळीच नाही. ती लोरी आहे. अंगाईगीत!

जॉर्जियन भाषेत अशा गीतांना 'इआवनाना' म्हणतात. ती पाळण्याशी म्हणतात, आणि मूल आजारी पडले की उशाशीही म्हणत. गोवर किंवा देवी आल्या की 'बातोनेबी' घरी आले असे तिथे मानत. बातोनेबी म्हणजे मालक, धनी लोक. त्यांना राग येऊ नये म्हणून घरात कोणी मोठ्याने बोलायचे नाही, गोड सुरात गाऊन त्यांची मर्जी राखायची. आपण तर त्या रोगाचे नावच 'देवी' ठेवले, तेव्हा ही भीती आपल्याला परकी नाही. या जातीची एक लोरी चायकोव्हस्कींच्या हाती आली आणि त्यांनी तिच्यावर अरबस्तानची चिठ्ठी चिकटवली.

ही चिठ्ठी पुढे किती महागात पडली ते रंगमंचावर पाहावे. बहुतेक ठिकाणी हा तुकडा सुरू झाला की झिरझिरीत सलवारी, उघडे पोट, चेहऱ्यावर बुरख्याचे नाटक करणारी ओढणी आणि सापासारखी वळवळ. पाळण्याच्या दोरीचा झोका त्यांना कमरेचा झोका वाटतो. आमचा चुलतभाऊ शेजारी बसून पाहत होता, तो एवढेच म्हणाला, "हे आपण आहोत होय?" त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. बातम्यांत आपण एका प्रकारचे, नाचात दुसऱ्या प्रकारचे.

अलीकडे युरोप-अमेरिकेतही याबद्दल कुरबुर होऊ लागली आहे. २०२१ साली बर्लिनच्या सरकारी बॅले मंडळीने चिनी आणि पौर्वात्य नाचांच्या याच अडचणीवरून 'नटक्रॅकर' त्या हंगामापुरता बाजूला ठेवला. हेतू भला असेल, पण आम्हाला हा निर्णय पटला नाही. चूक कपड्यांची, चूक चिठ्ठीची. शिक्षा लोरीला का? शिवाय आपले हातही स्वच्छ नाहीत. हातिमताई, अलीबाबा यांच्यावर आपल्या मुंबईत जे चित्रपट निघाले त्यांतला अरब कुठून आला होता? लहानपणी दूरदर्शनवर 'अलिफ लैला' लागली की नानीच्या घरी गल्लीतली पोरे दाटीवाटीने बसत. खोटा अरब आपणही चवीने खाल्ला आहे, आणि तो आपल्याच लोकांनी रांधला होता.

नाच संगीताचे किती नुकसान करू शकतो याचे सगळ्यात मोठे उदाहरण मात्र 'शहरजाद'. रिम्स्की-कोर्साकोव यांनी १८८८ साली ही रचना केली ती वाद्यवृंदासाठी, नाचासाठी नव्हे. तीत एकटे व्हायोलिन पुन्हापुन्हा येते. ते शहरजादचे बोलणे. रोज रात्री गोष्ट सांगून जीव वाचवणारी बाई, तिचा तो बारीक, न घाबरणारा आवाज. संगीतकार वारल्यावर, १९१० साली, फोकिन यांनी पॅरिसमध्ये यावर बॅले बसवला. कथा कोणती घेतली? अलिफ लैलाच्या आरंभीची जनानखान्यातली बेवफाई आणि कत्तल. बाक्स्ट यांचे रंगीत पडदे पाहून पॅरिस वेडे झाले. संगीतकाराच्या विधवेने तक्रार केली, पण तिचे कोण ऐकतो? या बॅलेत शहरजाद रंगमंचावर येतच नाही. व्हायोलिन बोलत राहते आणि बोलणारी बाई गायब. नानीने पुतळी काढली होती, सूर ठेवला होता. पॅरिसवाल्यांनी सुराची मालकीणच काढून टाकली आणि तिच्या जागी शंभर पुतळ्या उभ्या केल्या. हजार रात्री जिने जीव वाचवला तिला त्यांनी एका संध्याकाळीत संपवले, असे आम्हाला राहून राहून वाटते.

उलट कधीकधी चिठ्ठी चिकटते ती इतिहासाकडून, आणि तिला कोणी हरकतही घेऊ शकत नाही. १९९१ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोत गोर्बाचोव यांच्याविरुद्ध उठाव झाला तेव्हा सरकारी दूरचित्रवाणीवर बातम्यांऐवजी 'स्वान लेक' पुन्हापुन्हा दाखवला गेला. त्या पिढीच्या रशियन माणसाला ते सूर ऐकले की हंस नाही, सत्तापालट आठवतो. २०२२ च्या मार्चमध्ये 'दोझ्द' या स्वतंत्र वाहिनीने प्रक्षेपण थांबवताना शेवटी हाच बॅले दाखवला, आणि शब्द न उच्चारता बोलणे पोचले. आमच्याकडे तीच धून म्हणजे आपाच्या बांगड्या आणि अत्तराचा वास.

गेल्या वर्षी आम्ही आठवीच्या वर्गात एक प्रयोग केला. उर्दूच्या तासाला 'लोरी' हा विषय होता. खिशातल्या मोबाइलवर 'अरबी नाच' लावला. नाव सांगितले नाही, देश सांगितला नाही. फक्त विचारले, "काय चाललंय इथे?" (नंतर शिक्षक-खोलीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, हे कुठल्या अभ्यासक्रमात बसते? दुसऱ्यांनी विचारले, हे मुळात बसते का? दोन्ही प्रश्न प्रामाणिक होते. आम्ही चहा घेतला. नानीचे उत्तर तिथे चालले नसते, मोबाइलमध्ये लोखंडही नसते.)

पोरांनी हात वर केले. पहिला म्हणाला, "सर, उंट चाललेत." दुसरा म्हणाला, "साप." तिसऱ्याने वाळवंट सांगितले, चौथ्याने जिन्न. आमचा चेहरा पडला असावा. चिठ्ठी लपवून काय उपयोग, ती पोरांच्या कानांत आधीच चिकटलेली होती, आणि बहुधा आमच्याच पिढीच्या टीव्हीने चिकटवलेली.

मागच्या बाकावरची एक मुलगी हात वर करत नव्हती. तिचा धाकटा भाऊ बरेच दिवस इस्पितळात होता, हे आम्हाला ठाऊक होते. तिला मुद्दाम विचारावे की नाही, हे ठरेना. शेवटी तीच उभी राहिली आणि म्हणाली, "सर, घरात कोणीतरी बीमार आहे. म्हणून सगळे हळू बोलताहेत."

उंटवाला हसला. आम्ही पुन्हा एकदा लावतो म्हणालो, आणि लावला. या वेळी वर्गात कोणी बोलले नाही. अर्ध्यावर घंटा झाली.